घाट उभा, वॉकवे आडवा

नदीकाठी फिरायला छानसा वॉकवे हवा, ही मागणी हल्ली नदी नसलेल्या शहरांतसुद्धा होते. नांदेडला निदान नदी आहे. गोदावरी हे तिचं नाव भूगोलाच्या पेपरापुरतं. एरवी मराठवाड्यात ती गंगाच. पण ‘गंगेला चाललो’ म्हटलं तर हा फिरायला निघाला, असं इथे कोणाच्या मनात येत नाही. गंगेला जायचं ते अंघोळीला, दहाव्याला, विसर्जनाला. घाटही त्याच हिशोबानं बांधलेला. घाट उभा असतो: रस्त्यावरून माणसाला पाण्यापाशी उतरवतो आणि काम झालं की वर पाठवतो. वॉकवे आडवा. तो पाण्याच्या शेजारून चालवतो खरा, पण मध्ये कठडा. पाण्यात पाय घालायची सोय नाही, पाठीशी पाणी घेऊन फोटो काढायची मात्र आहे. हे उभं-आडवं जुळवायचं तर फरशीचा रंग ठरवण्याआधी नाल्याचं बघावं लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

नांदेडला घाटांची वाण नाही. नगिना घाट आहे, जिथे गुरु गोविंदसिंगांनी भेट आलेलं मौल्यवान रत्न नदीत टाकून दिलं, अशी आख्यायिका सांगतात. बंदा घाट आहे. गोवर्धन घाट आहे, जिथे शहरातल्या अनेकांची शेवटची फेरी होते आणि तीही स्वतःच्या पायांनी नव्हे. 2008 मध्ये शिखांच्या गुरुता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, तेव्हा रस्ते-पुलांबरोबर नदीकाठाचंही रूप पालटलं. तरीही घाटावरून घाटावर काठाकाठानं जाऊ म्हणाल, तर मध्ये कुठे भिंत, कुठे झुडपं आणि कुठे शहराचा नाला गंगेच्या भेटीला निघालेला. घाटावर येणाऱ्याला त्याचं फारसं काही नसतं. तो दहा मिनिटांच्या कामाला आलेला असतो आणि श्रद्धेला नाक नसतं. फिरणाऱ्याचं तसं नाही. त्याला डॉक्टरनं तासभर चालायला सांगितलेलं असतं, वर दीर्घ श्वास घ्यायलाही. नाल्याच्या तोंडाशी हा सल्ला पाळून दाखवावा.

यात आपलंच शहर मागास आहे, असं वाटून घ्यायचं कारण नाही. 1858 च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स इतकी घाण मारू लागली, की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. खासदारांच्या नाकाला झोंबलं आणि पैसे भराभर मंजूर झाले. बॅझलजेट नावाच्या इंजिनियरनं नदीकाठानं मोठं गटार घातलं, त्यावर भराव केला आणि त्या भरावावर फिरायला रस्ता दिला. 1870 मध्ये खुला झालेला तो व्हिक्टोरिया एम्बँकमेंट आज पर्यटक कौतुकानं बघतात. म्हणजे एका नावाजलेल्या नदीकाठाचा रस्ता हे मुळात गटाराचं झाकण आहे. आपल्याकडे आधी झाकण बसतं, मग त्याला शोभेलसं गटार शोधतात.

वॉकवेवर पहिला आक्षेप उन्हाचा. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत कोण फिरणार? दुपारी कोणीच नाही. पण पहाटे पाचला आणि दिवेलागणीनंतर नांदेडकर आजही चालतातच, फक्त गाड्या चुकवत. दुसरा आक्षेप पुराचा, आणि तो खरा आहे. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले, की काठावरचा बाक, दिवा, सेल्फी पॉइंट सगळं पाण्याच्या ताब्यात. घाटाच्या पायऱ्या मात्र बुडण्यासाठीच जन्मलेल्या. पूर ओसरला की गाळ खरवडायचा, संपलं. तेव्हा खालचा रस्ता पायऱ्यांच्याच जातीचा करावा, दगडाचा, बिनदागिन्यांचा. जुन्या माणसांना हे नकाशाशिवाय कळत होतं.

तिसरा आक्षेप लातूरहून येतो: हे नदीवाल्यांचे चोचले आहेत. असं म्हणायचा लातूरकरांना हक्कच आहे. मांजरा नदी शहरापासून लांब, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये तर लातूरला पाणी रुळांवरून आलं. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीला 10 वाघिणी, त्यांत सुमारे 5 लाख लिटर. पण लातूर माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात. तिथे नदी नाही, तरी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, कारण प्रत्येकाला काहीतरी घ्यायचं असतं. माणूस कामासाठी चालतो, देखावा त्याला वरकड मिळतो. नांदेडच्या माणसाचं काम घाटांवर आहे. ते घाट जोडा आणि मधले नाले काठाशी अडवून शुद्धीकरणाला न्या, मग तो आपोआप चालेल. कारंजं लावलं नाही तरी.

तोवर कोणी पाहुण्यानं नांदेडला नदीकाठी कुठे फिरायचं विचारलं, तर त्याला दोन घाट सांगावेत, आणि मधल्या अंतरासाठी रिक्षा.