मशीनला ऊन लागलं!

(मंचावर एक खुर्ची. खांद्यावर दुपट्टा, हातात मोबाईल.)

वडशाहून कोण कोण आलं? तुम्ही रात्रभर नाटक पाहणारी माणसं, माझ्या अर्ध्या तासात घड्याळ पाहू नका.

आपल्या लाखांदूरच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. २००९ पासून आपण साकोलीत. आमदार साकोलीचा, कलेक्टर भंडाऱ्याला, रेल्वे वडशाला. आपल्याजवळ काय उरलं? मामाजी!

मामाजी म्हणजे माझे सासरे. (खुर्चीत बसून, मोबाईल नाकाला लावून) "जवाईबापू, मेसेज पायला का? शंभर टक्का खरा हाय. खाली लिवलं हाय ना, 'खरा आहे' म्हून!"

१९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. मामाजी होते. सायकलवर.

नोटबंदीत दोन हजाराच्या नोटेत चिप निघाली. संक्रांतीला मामाजींनी मला तशी एक नोट दिली अन् सांजच्याला परत घेतली. "सॅटेलाईटले दिसते जी, तुमच्याकडं गेली म्हून!" चिप खोटी निघाली. नोट अजून आली नाही.

आता ऐका. २८ मे २०१८. भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक. नवतपा सुरू, वरून अधिकमास. धोंड्याचं जेवण जेवून मी मामाजींसोबत लाइनीत उभा. अन् मशीन बंद! एका ठिकाणी नाही, जागोजागी. ती चिठ्ठी दाखवणारी पेटी, व्हीव्हीपॅट, आडवी झाली. साहेब लोक म्हणाले, उन्हामुळं.

(थांबतो.)

मशीनला ऊन लागलं!

अरे, मग खिशात कांदा ठेवायचा ना तिच्या! पन्हं पाजायचं! आमच्या बाया पहाटेपासून जंगलात तेंदूपत्ता तोडतात, पुडे बांधतात, मग मतदानाला येतात. त्यांना काही होत नाही. अन् ही शाळेच्या खोलीत, टेबलावर बसून बेशुद्ध! मशीन पुण्याकडची असन! ३० मे रोजी ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान झालं. नवतपा तोच. तेव्हा बरी कशी चालली?

अन् मामाजी? गणपतीला दूध पाजणारा, नोटेत चिप पाहणारा हा माणूस काय म्हणतो? "जवाईबापू, हे खोटं हाय. मशीनले कधी ऊन लागते का जी?"

"मामाजी, साहेबच म्हणाले."

"मोबाईलवर आलं का?"

"नाही."

"मंग!"

साहेबांचं कारण गावात पोचेपर्यंत मोबाईलवर कारणांची रोवणी होऊन गेली होती. रिकाम्या बांधीत कोणीही काहीही लावतो.

(खुर्चीतून उठून पुढे येतो. आवाज खाली.)

त्याच उन्हाळ्यात दुसराही मेसेज फिरत होता. पोरं पळवणारी टोळी आली. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं जमावानं मारून टाकली. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. टोळी नव्हतीच. त्या रात्री मामाजींनी मला विचारलं, मेसेज डिलीट कसा करतात? दाखवला. म्हणाले, "पाठवून झालेला बी जाते का?" जुना नाही जात, म्हटलं. जेवले नाहीत त्या दिवशी.

(झटक्यात खुर्चीत.)

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं नियम केला, एका वेळी पाचच जणांना पाठवा. "जवाईबापू, आपल्या घरी मोबाईल किती हायत?"

२०२३ मध्ये केंद्र सरकारनंही नियम केला, आमच्याबद्दलचं खरं-खोटं आमचंच पथक ठरवेल. आमच्याच धंद्यातला कुणाल कामरा कोर्टात गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सरकारचा तो नियम पडला. मामाजींना वाटते, केस तेच जिंकले.

अन् माझी केस? घरासमोरची नाली. तुंबलेली, उघडी. ऑनलाइन तक्रार केली. कार्यालय कोणतं ते सांगत नाही, मला इथंच राहायचं आहे. मेसेज आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' नाली तशीच, तक्रार निकाली!

मामाजींनी तो मेसेज वाचला. "सरकारी हाय, म्हंजे खरा असन." अन् अंधारात बिनधास्त पाय टाकला.

(मोठ्यानं) "जवाईबापूऊऊ!"

गुडघ्यापर्यंत गेले. तिथूनच विचारतात, "हा मेसेज कोनाले पाठवला होता का जी?"

तर मंडळी, घरी जाताना मंडपाच्या डाव्या बाजूनं जा. उजवीकडच्या नालीवर झाकण नाही. मी स्वतः पाहून आलो आहे. हे मात्र पुढं पाठवा, पाच-पाच जणांना.