खरंच बघतेस?

गेल्या महिन्यात माझ्या भाचीची मेट्रोत तोंडी परीक्षा झाली. वनाजहून ती डेक्कनला निघाली होती. पाठीवर सॅक, आणि सॅकच्या चेनला लोंबकळणारं बोटभर उंचीचं एक राखाडी चिलखत. समोर उभ्या असलेल्या मुलानं ते पाहिलं, एका कानातला इअरफोन काढला आणि विचारलं, "तू अ‍ॅनिमे बघतेस? खरंच?" ती हो म्हणायच्या आतच प्रश्नपत्रिका सुरू झाली. ह्या चिलखताचं नाव काय, त्या सात दुष्टांची नावं सांग, दोन मालिकांपैकी जुनी कोणती आणि नवी कोणती. नळ स्टॉपपर्यंत तीन प्रश्न झाले होते. गरवारे कॉलेजला चौथा झाला आणि डेक्कनला गाडी थांबली म्हणून परीक्षार्थी सुटली. हे सगळं तिनं मला वरणभात कालवता कालवता सांगितलं. आवाजात राग नव्हता, रोज पाऊस पडणाऱ्या गावातला माणूस पावसाबद्दल बोलतो तसा सूर होता.

माझ्या डोक्यात मात्र तो 'खरंच' अडकून बसला. मराठीतला हा मोठा गुणी शब्द. कुणाचं लग्न ठरल्याचं कळलं की तो टाळी वाजवतो, कुणी गेल्याचं कळलं की तोच शब्द हळूच खुर्चीत टेकतो. पण मेट्रोतला 'खरंच' जुन्या जकात नाक्यावरचा होता. पोत्यात तांदूळ आहेत हे दिसत असूनही त्यात सळई खुपसून पाहणारा. माझा मावसभाऊ निवृत्त झाल्यावर पुरणपोळी करायला शिकला. त्याला कुणी "खरंच?" विचारून कटाच्या आमटीची कृती म्हणायला लावली नाही. उलट त्याची पहिली पोळी तव्यावर फाटली, तर त्या फाटक्या पोळीचा फोटो सगळ्या खानदानात फिरला आणि कौतुकाचा पूर आला. पुरुष बायकांच्या अंगणात आला की पाहुणा होतो, त्याला पाट-पाणी मिळतं. बाई पुरुषांच्या म्हणवल्या जाणाऱ्या अंगणात गेली की तिला आधी ओळखपत्र मागतात.

बरं, ओळखपत्र दाखवलं तरी सुटका नाही. अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघणाऱ्या मुलींसाठी लोकांनी एक मिसळणाचा डबा तयार ठेवलेला आहे. एका वाटीत 'हिला गोड गोड डोळ्यांची मांजरं आवडत असणार', दुसरीत 'हिला नायक देखणा वाटतो', तिसरीत 'मित्रानं नाद लावला असेल', आणि हिंगाच्या घट्ट झाकणाच्या डबीत 'लक्ष वेधून घ्यायला करते'. मौज अशी की एकाच मुलीला एकाच दिवशी चारही ठिकाणी ठेवता येतं आणि डबा तरीही नीट बंद होतो. शाळेत असताना कुणी तिला काही विचारत नव्हतं. डोरेमॉनसमोर भाऊ-बहीण एकाच ताटलीतले चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसायचे. त्याआधी, नव्वदच्या दशकात, दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली यायचा तेव्हा अख्खी चाळ दारं उघडी टाकून बसायची. ती मालिका मूळची जपानी, म्हणजे आपण सगळेच अ‍ॅनिमे बघत होतो. कुणालाच ते माहीत नव्हतं, म्हणून कुणी कुणाला अडवलंही नाही.

आता कबुली देते. त्या डब्यातली पहिली वाटी मीही भरलेली आहे. भाची पंधरा वर्षांची झाली तेव्हा "हिला जपानी कार्टून आवडतात" एवढ्या ऐकीव माहितीवर मी तिला गुलाबी मग दिला. त्याला मांजराचे कान होते, आणि कान असे की चहा पिताना ते नाकाला टोचावेत. तिनं "थँक्यू आत्या" म्हणून तो घेतला. पुढे एकदा त्यांच्याकडे जेवायला बसले आणि समोर पडद्यावर वाडाभर उंचीचे नागडे राक्षस माणसांना शेवग्याच्या शेंगेसारखे चोखत होते. 'अटॅक ऑन टायटन', असं नाव कळलं. माझा घास हातातच राहिला. भाचीनं भातावर तुपाची धार धरली आणि मला धीर दिला, "घाबरू नकोस आत्या, हा मुख्य माणूस नाहीये." गुलाबी मग आजही तिच्या टेबलावर आहे. त्यात ती फुटपट्ट्या ठेवते.

मग आषाढातल्या एका रात्री, बाहेर पाऊस आणि घरात आम्ही दोघीच असताना, तिनं मला चिलखतवाल्याची गोष्ट लावून दिली. 'फुलमेटल अल्केमिस्ट'. मी भजी खात, जरा वरच्या पट्टीतलं हसू चेहऱ्यावर ठेवून बसले होते. दोन लहान भाऊ असतात. त्यांची आई जाते. किमयेची पुस्तकं वाचून ते ठरवतात की आईला परत बनवायचं, आणि त्यासाठी सामान जमवतात. माणसाच्या शरीरात काय काय असतं त्याची यादीच आहे: पाणी ३५ लिटर, कार्बन २० किलो, चुना दीड किलो, मीठ २५० ग्रॅम, आणि असंच पुढे. अगदी महिन्याच्या वाणसामानाची यादी. फोडणीच्या तेलाखेरीज सगळं. मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थिजलं. माझी आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं, आणि तिच्या हातची शेवटची यादी अजून माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. त्यातही मीठ होतं. अर्धा किलो.

मुलांचा बेत अर्थातच फसतो. आई येत नाही आणि धाकट्याचं अख्खं शरीर जातं. थोरला स्वतःच्या रक्तानं खूण काढून त्याचा जीव एका चिलखतात अडकवतो. तेच हे चिलखत. आत कुणी नाही, नुसती एक खूण आणि भावाचा आवाज. भाचीनं न बोलता माझ्याकडे भज्यांचं तेल टिपायचा टिश्यू सरकवला. मला वाटतं, आत्यांची परीक्षा घ्यायची तिची पद्धत हीच असावी.

त्या रात्री मला आईचा बटाटा आठवला. आमच्या स्वयंपाकघरात फळीवर रेडिओ असायचा आणि कसोटी सामन्याच्या दिवसांत आई त्याच्याखाली बसून भाजी चिरायची. मराठीत समालोचक बाळ ज. पंडित बोलायला लागले की विळीचा वेग त्यांच्या वेगाशी जुळायचा. फलंदाज बाद झाला की भेंडीचे तुकडे मोठे पडायचे. एकदा मामा आला होता. दारात उभा राहून मिश्कीलपणे म्हणाला, "ताई, तुला ह्यातलं खरंच काही कळतं का? लेगब्रेक आणि गुगलीत फरक काय, सांग बघू." आई बटाटे सोलत होती. तिनं सोललेला एक बटाटा तीन बोटांत धरला, मनगट एका बाजूनं वळवलं आणि म्हणाली, "हा लेगब्रेक." मग तेच मनगट आणखी वळवून हाताची मागची बाजू मामासमोर आणली. "आणि ही तुझी गुगली. आता तेवढं आलं किसून दे." बटाटा पातेल्यात पडला. मामानं आलं किसून दिलं. पुढे कितीतरी वर्षं तो आपल्या मित्रांना गुगली समजावून सांगायचा, तेव्हा हातात बटाटा असल्यासारखीच बोटं धरायचा.

त्या वाणसामानाच्या यादीत सगळं होतं, पण हे मनगट नव्हतं.

तेव्हापासून मी या घराची चौकशी करायला लागले. ज्याच्या दारात आमच्या पोरीला अडवतात ते घर बांधलं तरी कुणी? तर 'फुलमेटल अल्केमिस्ट' लिहिणारी आणि काढणारी हिरोमु अराकावा ही होक्काइदोतल्या गाईगुरांच्या गोठ्यात वाढलेली शेतकऱ्याची मुलगी. खरं नाव हिरोमि. कथा 'शोनेन', म्हणजे मुलग्यांसाठीच्या मासिकात यायची, म्हणून टोपणनाव घेताना शेवटचा स्वर बदलला आणि नाव पुरुषी झालं. स्वतःचं चित्र काढायची वेळ आली की ती चष्मा लावलेली गाय काढते. बाई म्हणून समोर यावं की बुवा म्हणून, या पेचातून गाय होऊन बाहेर पडणं मला फार शहाणपणाचं वाटलं. आणि चिलखतातला तो आवाज? रिए कुगिमिया या बाईंचा. थोरल्या भावाचा आवाजही रोमी पाक या बाईंचाच. म्हणजे मेट्रोतल्या त्या मुलानं जिच्यावरून माझ्या भाचीला धारेवर धरलं, त्या बोटभर वस्तूत पुरुष म्हणावा असा एक कथेतला मुलगाच, आणि तोही आत नव्हता.

पुढे तर गंमत वाढतच जाते. दुसऱ्या मालिकांमधल्या नारुतोचा आवाज जुन्को ताकेउची यांचा, लुफीचा मायुमी तानाका यांचा. आणि ज्याची आरोळी ऐकून दाढी फुटलेल्या पोरांच्या अंगावर काटा येतो, तो गोकू म्हणजे मासाको नोझावा, जन्म १९३६. माझ्या आईच्या पिढीची बाई माइकसमोर उभी राहून डोंगर फोडते आहे, हे कळल्यापासून मला गोकू अगदी घरचा वाटायला लागला. मराठी माणसानं खरं तर यात नवल करू नये. बालगंधर्वांचं लुगडं नेसणं बघून घरोघरच्या बायका आपलं नेसणं बदलत होत्या. ज्या १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, त्याच साली जपानात ताकाराझुका या गावी, तिथे आगगाडी नेणाऱ्या इचिझो कोबायाशी यांनी फक्त मुलींची नाटकमंडळी काढली. शेवटच्या स्टेशनापर्यंत लोकांनी तिकीट काढून यावं एवढाच व्यवहारी हेतू. इकडे पुरुष नथ घालून लाजत होता, तिकडे मुली मिशा लावून प्रेमात पडत होत्या, आणि दोन्हीकडचे प्रेक्षक डोळे पुसत होते. त्याच ताकाराझुकात ओसामु तेझुका नावाचा एक मुलगा आईचं बोट धरून ती नाटकं बघायचा. मोठेपणी, १९५३ साली, त्यानं एका राजकन्येची चित्रकथा सुरू केली. तिच्या छातीत दोन हृदयं असतात, एक मुलाचं आणि एक मुलीचं. मला वाटतं, बघणाऱ्या प्रत्येकाच्याच छातीत ती असतात. तिकीट मात्र आपण एकाच नावावर फाडतो.

चौकशी पुढे नेली तर कळलं, तोक्योत १९७५च्या डिसेंबरात हौशी चित्रकथांचा पहिला बाजार भरला, तेव्हा जेमतेम सातशे माणसं आली होती आणि त्यांत बहुतेक शाळकरी मुली होत्या. क्योतोजवळ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला योको हात्ता या बाईंनी शेजारपाजारच्या गृहिणींना जमवून अ‍ॅनिमेच्या पारदर्शक पट्ट्या रंगवायचं काम घेतलं. आपल्याकडे दुपारची झाकपाक झाल्यावर बायका पापड लाटायला जमतात, तसंच. त्यातून पुढे क्योतो अ‍ॅनिमेशन ही नावाजलेली संस्था उभी राहिली. जपानीत पुरुषांच्या प्रेमकथा आवडीनं वाचणाऱ्या बायका स्वतःला 'फुजोशी' म्हणवतात. 'बाई' या अर्थाच्या शब्दातलं एक अक्षर बदलून केलेली कोटी आहे, अर्थ होतो 'नासकी मुलगी'. लोकांनी नावं ठेवायच्या आधी आपणच ठेवून घ्यावीत, हा बायकांचा जुना उपाय. बरणीतलं लोणचं मुरलंय की नासलंय हे शेवटी झाकण कोण उघडतं त्यावर ठरतं. आणि अ‍ॅनिमेच्या भक्ताला जगभर जो शब्द लावतात तो 'ओताकु', त्याचा मूळ अर्थ 'आपलं घर'. समोरच्याला आदरानं 'आपण' म्हणायची ती एक रीत. म्हणजे दारात उभं राहून ज्याला हटकायचं, त्याला हाक मात्र 'आपलंच घर' अशी.

हे सगळं मी भाचीला उत्साहानं सांगितलं. पुढच्या वेळी त्या पोराच्या तोंडावर मार, म्हटलं. ती हसली. म्हणाली, "आत्या, एक सांगायचं राहिलं. डेक्कनला तोही उतरला. फोन काढताना त्याच्या खिशातून गाडीची किल्ली पडली. तिला हेच होतं." तेच चिलखत. फक्त त्याचं खिशात होतं, रंग उडालेलं. त्यानं ते पटकन उचललं, मूठ मिटली आणि कानापर्यंत लाल झाला. मग मला त्या मुलाचं घर दिसायला लागलं. "एवढा घोडा झालास तरी कार्टून?" असं कुणीतरी, जेवणाच्या पानावर, नातेवाइकांसमोर, विचारलेलं असणार. तेव्हापासून त्यानं आवड खिशात ठेवली. आणि एक दिवस तीच आवड एक मुलगी बिनदिक्कत पाठीवर मिरवताना दिसली. परीक्षा घेण्याखेरीज बिचाऱ्याला दुसरं सुचलं नसेल. "मग तू काय केलंस?" मी विचारलं. "काही नाही. पाचवा प्रश्न मी विचारला," ती म्हणाली. "तुझं कुठून घेतलंस?"

वाढदिवसाला तिनं मलाही एक आणून दिलं. ते मी घराच्या किल्ल्यांना अडकवलं आहे. परवा मंडईत पाकीट काढताना किल्ल्या बटाट्यांच्या ढिगावर पडल्या. भाजीवाल्यानं उचलून दिल्या, चिलखत न्याहाळलं. "नातवाचं का, काकू?"

"नाही. माझंच."

"खरंच?"

मी उत्तर दिलं नाही. ढिगातला एक बरासा बटाटा तीन बोटांत धरला, मनगट वळवून पाहिलं. पुरतं वळलं नाही, संधिवात आहे. मग तो पिशवीत टाकला आणि म्हटलं, "एक किलो द्या."