सहा म्हणजे सहाच

निमंत्रणपत्रिकेवर संध्याकाळी सहाची वेळ छापलेली असते. सहाला पोचलेल्या श्रोत्याला सभागृहात रिकाम्या खुर्च्या आणि ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ एवढंच भेटतं. पावणेसातला निवेदक सांगतो, प्रमुख पाहुणे वाटेत आहेत. सातला दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग शाल-श्रीफळ. ज्याच्यासाठी माणसं आली, ते व्याख्यान आठनंतर सुरू होतं आणि थोड्याच वेळात वक्त्याच्या हातात चिठ्ठी पडते: आवरतं घ्या. उशिरा आलेल्यांचा दंड वेळेवर आलेला श्रोता भरतो, आणि त्याची शेवटची एसटीही चुकते.

सोसायटीच्या सभेचं तर नोटिशीतच लिहिलेलं असतं, की गणपूर्ती न झाल्यास सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरेल. त्यामुळे सगळे अर्ध्या तासानंच येतात. गळका नळ दुरुस्त करणारा ‘सकाळी येतो’ म्हणतो आणि आपण दिवसभर दारावरच्या बेलकडे कान लावून घरात अडकतो. लग्नाचा मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा असतो. पूर्वी तो साधायला घटिकापात्र मांडत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती 24 मिनिटांत बुडली की एक घटी झाली. आज साडेबारा वाजून गेले तरी वरात डीजेपुढे नाचत असते आणि अक्षता मुठीत भिजतात.

आपल्याला वेळ पाळता येत नाही, हे मला मान्य नाही. आठ-सतराची लोकल पकडणारा माणूस आठ-अठराला फलाटावर येत नाही. नाटकाची तिसरी घंटा होण्याआधी प्रेक्षक जागेवर बसतात. तिथे कुणी आपल्यासाठी थांबणार नाही, हे सर्वांना ठाऊक असतं.

1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्या 39 मिनिटं मागे असलेली ‘मुंबई वेळ’ त्या शहरात पुढे कित्येक वर्षं चालली. एका गावात दोन वेळा असताना घोटाळा समजण्यासारखा होता. आता साऱ्या देशाची वेळ एक आहे आणि ती प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर दिसते.

वेळेशी नातं सुधारायला पहाटे चारला उठायची गरज नाही. घरातून पाऊल निघालं नसताना ‘निघालोय’ म्हणू नये. साडेसहाला जमणार असेल, तर साडेसहाच सांगावं. वाट पाहण्यात गेलेला तास त्या माणसाच्या आयुष्यातला असतो आणि तो आपण त्याला न विचारता घेतलेला असतो.

आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे: सभागृहात दहाच माणसं असली तरी ठरल्या वेळी सुरू करा. पाहुणे आले नसतील तर त्यांच्यावाचून सुरू करा. जे आले आहेत, कार्यक्रम त्यांचा आहे.