काय भो, हे काय चाललंय?

ऐकलंत का? परवा धुळ्याला एका हळदीला गेले होते. डीजेवाल्यानं ‘हाई झुमका वाली पोर’ लावलं, तर पुण्याहून आलेली नवरदेवाची मित्रमंडळी, चांगली इंजिनिअर पोरं हो, हात हलवून ‘हाय, हाय’ करत सुटली! त्यांना वाटलं, झुमकेवालीला रामराम घातलाय. शेवटी आमच्या जाऊबाईंनी हळदीच्या हातानंच एकाला बाजूला ओढला. ‘अरे बाबा, आमच्या खान्देशच्या अहिराणीत हाऊ म्हणजे हा, हाई म्हणजे ही. ही झुमकेवाली पोर. हाय-बाय काही नाही.’ तर तो म्हणतो कसा, ‘थँक्यू भो!’ कोणाला? जाऊबाईंना!

आता ‘भो’ म्हणजे आपला भाऊच, घाईत निम्मा गिळलेला. बाईमाणसाला ‘वं’ म्हणायचं, ही साधी रीत. पण ऐकतंय कोण? जळगावात कॉलेजच्या पोरी एकमेकींना ‘चल ना भो’ करतात. रीलखाली भो, टी-शर्टावर भो. उद्या लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र भो’ छापून आलं तर मला सांगू नका.

आणि ते ‘शे’, म्हणजे ‘आहे’! चहा मस्त शे, मूड ऑफ शे. गुजरातीतल्या ‘छे’चं भावंड ते, खान्देशात नांदणारं. पुणेकरांना वाटतं, शेवटी ‘शे’ चिकटवलं की झाली अहिराणी. पण त्याच मित्रमंडळींना नवरदेवाच्या वडिलांनी कौतुकानं सांगितलं, ‘हाऊ मना आंडोर,’ तेव्हा दोघांचा गुलाबजाम घशात अडकला. अहो, आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. तोंडं काय लपवता?

तरी म्हटलं, पोरांचं बोलीशी असलं खेळणं जगात आणखी कुठं चालत असेल का? तर चालतं! तिकडे पॅरिसच्या उपनगरांतली पोरं शब्दच उलटे करून बोलतात. मेर्सी म्हणजे धन्यवाद, तर हे म्हणणार ‘सीमेर’. फू म्हणजे वेडा, त्याचं करणार ‘ऊफ’. या उलट्या बोलीला म्हणतात व्हेर्लां. फ्रेंचमध्ये ‘लांव्हेर’ म्हणजे उलट, तोच शब्द उलटून हे नाव पडलं. एक हेतू हा, की मोठ्यांना आणि पोलिसांना पत्ता लागू नये.

आमच्याकडे मात्र गंगा उलटी. इथं पोरांनी मोठ्यांपासून काही लपवलं नाही. मोठ्यांनीच बोली पोरांपासून लपवली! दारात पाहुणा दिसला की ‘कथा गयथा’चं ‘कुठे गेला होतात’ व्हायचं. पोरगं शाळेत ‘मना’ म्हणालं की ‘माझा म्हण, माझा.’ परिणाम जनगणनेत दिसतो. 2001 मध्ये खान्देशी आपली मातृभाषा म्हणून सांगणारे 20 लाखांवर होते, 2011 मध्ये 18 लाख 60 हजारांच्या आसपास उरले. अहिराणीही त्या खान्देशीतच मोजतात.

वास्तविक बोलीची लाज धरू नये, हा धडा आम्हाला आधीच मिळाला होता. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेची पायरी चढल्या नाहीत. त्यांची लेवा गणबोली अहिराणीची शेजारीण, पण तिलाही गावंढळच म्हणायचे. 1951 मध्ये त्या गेल्या, 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह कवितांचं पुस्तक आलं आणि अख्खा महाराष्ट्र तोंडात बोट घालून बसला. 2018 मध्ये तर जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. तरी आम्ही आपले पाहुणा आला की ‘या, बसा’ करतोच.

आता सगळ्यात खमंग बातमी आमच्याच घरची. आमच्या सासूबाईंनी जन्मभर पाहुण्यांसमोर अहिराणीचं अवाक्षर काढलं नाही. हल्ली नातू समोर मोबाइल धरून बसतो नि एकेक शब्दाचा अर्थ विचारतो. काल त्याच्यावर अशा कडाडल्या की शेजारीण डोकावली. मला वाटलं, ‘भो’ म्हणाला असेल कार्टा. छे! तो म्हणाला होता, ‘आजी, काय करी राहिना?’

‘राहिनी म्हन, राहिनी!’ सासूबाई शेजारणीसमोर ओरडत होत्या. ‘मी काय आंडोर शे का?’