पेट्रोलची बेगमी

पावसाळ्याच्या तोंडावर तांदूळ, डाळी, गोवऱ्या, पापड-कुरडया आणि तिखट-मिठाची बेगमी केल्याखेरीज ज्यांना स्वस्थ झोप येत नसे अशा पूर्वजांच्या कुळात जन्म घेऊन, पुढे उभी हयात महसूल खात्यात, एका रुपयाच्या खर्चालाही आधी तरतूद कुठे आहे असे विचारण्यात घालवलेल्या मनुष्याने सेवानिवृत्तीनंतर मोटारसायकलीवरून लडाखला जाण्याचा संकल्प करावा, ही गोष्ट आमच्या आप्तेष्टांना मोठी विसंगत वाटली. वास्तविक तीत विसंगती मुळीच नव्हती. हिमशिखरे, एकांत, निळे आकाश इत्यादी ज्या गोष्टी तरुण मंडळींना भुरळ घालतात त्या माझ्या लेखी दुय्यम होत्या. मला त्या रस्त्याची ओढ लागली ती तिथे पेट्रोल मिळत नाही हे कळल्यामुळे. जिथे काही मिळत नाही तिथे जाताना काय काय न्यावे लागेल याची यादी करण्यात जे सुख आहे, ते आमच्या पिढीतील नोकरदाराला दुसऱ्या कशात क्वचितच लाभले असेल.

मनालीहून लेहकडे निघालेला प्रवासी, ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून, रोहतांगचा घाट डोक्यावर ठेवून खालून थेट लाहौलच्या खोऱ्यात उतरतो आणि थोड्याच वेळात तांदी नावाच्या ठिकाणी पोहोचतो. तेथे चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम होतो, आणि तेथून पुढे जी चंद्रभागा वाहू लागते, आणि जिला खाली गेल्यावर लोक चिनाब म्हणून ओळखतात, तिच्या काठी विठोबा नाही, पेट्रोलपंप आहे. त्या पंपाशी, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे असे बजावणारी जी पाटी कित्येक वर्षे झळकत आली, तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतल्यावाचून कोणीही पुढे जात नसे. पंढरपूरच्या चंद्रभागेच्या तीरी मनुष्य रिकाम्या हाताने गेला तरी चालतो. तांदीची चंद्रभागा आधी टाकी किती भरली आहे ते विचारते.

आमच्या बुलेटची टाकी साडेतेरा लिटरची. ही क्षमता वाढवल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचे नाही, असा ठराव मी एकमताने, म्हणजे माझ्या एकट्याच्या मताने, मंजूर करून घेतला आणि सांगलीतल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींच्या दरबारी अर्ज दाखल केला. हे गृहस्थ बोलण्यापूर्वी गाडी तपासतात. त्यांनी हँडल धरून गाडी डावी-उजवीकडे हलवली, टाकीला कान लावून आतल्या पेट्रोलचा खळखळाट ऐकला, बोटाच्या पेरांनी टाकीवर वरून खाली टकटक करीत जिथे आवाज बदलला तिथे नखाने एक अदृश्य रेघ ओढली, आणि "तीन लिटर हाय" असा निर्णय दिला. मी घरी जाऊन मोजपट्टीचे दांडके आत घालून पाहिले तेव्हा तो निर्णय कायम करण्यापलीकडे मला काही करता आले नाही. माझी मागणी ऐकून घेतल्यावर मात्र ते म्हणाले, "टाकी मोठी करून देतो ओ रावसाहेब, पण बसणाऱ्याची कंबर कुठनं आणू मोठी?"

हा प्रश्न मी गैरलागू ठरवून निकाली काढला.

क्षमता वाढवण्याचे मार्ग जाणत्यांनी अनेक सांगितले आहेत. पहिला राजमार्ग म्हणजे टाकीच बदलणे. बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या एका गाडीची जी पॅरिस-डकार नावाची आवृत्ती १९८४ च्या सुमारास काढली तिला ३२ लिटरची टाकी होती. आणि १९८४ व १९८५ साली त्या कंपनीच्या गाडीवर बसून ती वाळवंटी शर्यत जिंकणारा गास्तों राहिये हा बेल्जियन स्वार उंचीने इतका ठेंगणा होता, की त्या अवाढव्य टाकीच्या गाडीवर बसल्यावर त्याचे पाय जमिनीला पुरत नसत. चालत्या गाडीवर चढणे आणि चालत्या गाडीवरून उतरणे एवढाच मार्ग ज्याला मोकळा होता त्या पुरुषाचे चरित्र मी आदराने वाचले. परंतु माझे पाय जमिनीला पुरतात हे माझ्या वाहनविद्येतील एकमेव बलस्थान असल्यामुळे ते गमावण्याची माझी तयारी नव्हती.

दुसरा मार्ग डेंटिंगवाल्याचा. पत्र्याची जोडटाकी करून ती मागच्या कॅरिअरवर बसवायची, तिच्यातून एक नळी काढून इंग्रजी 'टी'च्या आकाराच्या जोडाने मूळ नळीला मिळवायची, आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने उताराकडे वाहते या सनातन नियमावर भिस्त ठेवायची. आमच्या डेंटिंगवाल्याने जुनी टाकी फोडून मोठी करण्याचीही तयारी दाखवली, मात्र तत्पूर्वी तो ती पाण्याने गच्च भरणार होता, कारण पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा पेट्रोल ओतून घेतलेली टाकी अधिक घातक असते. आत उरलेली वाफ हवेत मिसळून ठिणगीची वाट पाहत बसलेली असते. "आमच्या वस्तादांच्या दुकानाचं छप्पर असंच गेलं," ही माहिती त्याने ज्या सहजतेने दिली त्या सहजतेने मी तिथून उठलो. शिवाय जोडटाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीकसे छिद्र ठेवावे लागते. ते बुजले की आत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल जागच्या जागी थबकते आणि भरल्या टाकीने गाडी बंद पडते. भरल्या खजिन्यानिशी व्यवहार बंद पडलेली कचेरी मी पाहिलेली असल्यामुळे हा दोष मला ताबडतोब समजला.

या टप्प्यावर आमच्या वकील मित्रांनी, कोणी सल्ला मागितलेला नसता, कायदेशीर बाजू मांडली. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीच्या दाखल्यातील तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. आणि वेगळ्या भांड्यातून पेट्रोल न्यावे म्हटले, तर पेट्रोलियम कायदा, १९३४ याचे आठवे कलम विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल विनापरवाना बाळगण्याची मुभा देते खरे, परंतु ते घट्ट बुचाच्या भांड्यात असावे आणि भांडे धातूचे असल्यास २५ लिटरपेक्षा, काचेचे अथवा चिनीमातीचे असल्यास एका लिटरपेक्षा मोठे नसावे, अशी अट घालते. कायद्याची भाषा कोरडी असते असे म्हणणाऱ्यांनी हे कलम वाचावे. ज्या सरकारच्या राज्यात प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागणाऱ्याला पंपावरचा पोरगा हाकलून देतो, त्याच सरकारच्या कायद्याने मला लोणच्याच्या बरणीतून एक लिटर पेट्रोल लडाखला नेण्याचा अधिकार दिला आहे, ही वार्ता मी उत्साहाने स्वयंपाकघरात जाहीर केली. "अहो, माझ्या बरणीला हात लावाल तर याद राखा," असा प्रतिहुकूम तत्काळ निघाला. आणि त्यावर अपील नव्हते.

उरला तिसरा मार्ग, जो बहुतेकजण पत्करतात. बुलेटच्या पाठीमागे दोन्ही अंगांना एक लोखंडी सांगाडा जखडतात, त्याला बाजारात 'लडाख कॅरिअर' असे नाव आहे, आणि त्याला डबे लटकवतात. हा डबा, ज्याला आपण जेरीकॅन म्हणतो, मूळचा जर्मन सैन्याचा, गेल्या शतकाच्या चौथ्या दशकातला. वीस लिटर मावेल असा, वर तीन मुठी असलेला, म्हणजे भरलेला डबा दोघांना धरता यावा आणि रिकामे असता एका माणसाला एका हातात दोन नेता यावेत. आफ्रिकेच्या रणांगणावर इंग्रजांचे पातळ पत्र्याचे डबे वाटभर गळत असताना हे जर्मन डबे थेंबही सांडत नसत, म्हणून इंग्रजांनी शत्रूचे डबे पळवून वापरले आणि पुढे तसेच स्वतः घडवले. मी असा एक डबा पैदा केला.

परंतु वीस लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे पंधरा किलो वजन, डब्याचे निराळे. आणि ते एका अंगाला लटकवले की गाडी त्या अंगाला कलते. समतोल राखण्यासाठी दुसऱ्या अंगाला तेवढेच वजन हवे. एवढे पेट्रोल पुरे होते, तेव्हा दुसऱ्या डब्यात पाणी भरावे, अशी तोड आमच्या मेहुण्यांनी काढली. म्हणजे पेट्रोल नेता यावे म्हणून पाणी न्यायचे, दोन्ही नेल्यामुळे गाडीचे ॲव्हरेज पडणार म्हणून आणखी पेट्रोल न्यायचे, आणि त्याच्या समतोलासाठी आणखी पाणी. शिवाय हे सारे ओझे मागच्या चाकाच्याही मागे आल्यामुळे पुढचे चाक हलके होऊन खडीवर हँडल डोलू लागते. पानिपतावर लढणाऱ्यांपेक्षा बुणगे अधिक गेले होते, हा इतिहास ज्या महाराष्ट्राने सोसला त्यातील मनुष्याला याहून अधिक समजावण्याची गरज नव्हती.

तेव्हा मी, आयुष्यभर जे केले तेच केले: कागद घेऊन जमाखर्च मांडला. सपाटीवर आमची गाडी लिटरला ३५ किलोमीटर देते. त्या हिशेबाने साडेतेरा लिटरमध्ये ४७२ किलोमीटर, म्हणजे तांदीची पाटी ओलांडून वर शंभर शिल्लक. उंचीवर हवा विरळ होते, कार्ब्युरेटरमधून मात्र पेट्रोल पूर्वीच्याच सढळ हाताने येत राहते, आणि चढावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कुथत चालते. तेव्हा ॲव्हरेज अगदी २५ वर आले असे धरले, तर ३३७ किलोमीटर. तूट २८ किलोमीटरांची. म्हणजे लिटरभराहून किंचित अधिक पेट्रोलची! एवढ्या तुटीसाठी वीस लिटरचा डबा, त्याच्या तोलाचे पाणी, लोखंडी सांगाडा, आणि कलम ५२. माझे मत असे झाले की टाकीची तूट लिटरभराची असते. उरलेले एकोणीस लिटर भयाचे असतात, आणि भयाला कितीही मोठी टाकी दिली तरी ती अपुरीच पडते.

मी पाच लिटरचा पत्र्याचा डबा नेला, आणि तो पुरला. इथे त्याच्या दोन खोडी मात्र नमूद करणे प्राप्त आहे. एक म्हणजे, असा डबा काठोकाठ भरू नये. पेट्रोल उन्हाने चांगलेच फुगते, आणि पहाटेच्या थंडीत गळ्यापर्यंत भरलेला डबा दुपारी बुचातून पाझरू लागतो. दुसरी खोड उंचीची. तांगलांग ला ही खिंड १७,००० फुटांहून उंच असून तेथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्माच उरतो. डब्यात कोंडलेली खालची हवा तो सारा वेळ बाहेर येण्याची मागणी करीत असते. डब्याच्या कुशी फुगल्या, मी बूच सैल केले, आणि एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याने सोडावा तसा दीर्घ सुस्कारा टाकून त्याने जो वाफेचा फवारा बाहेर सोडला, तो शेजारच्या पिशवीतल्या दशम्यांनी पूर्णपणे आत्मसात केला. पेट्रोलचा वास लागलेली दशमी तव्यावर गरम करून खाण्याची सूचना ज्याने केली त्याच्यापासून मी तव्यासकट दूर बसलो.

या डब्याने माझ्यावर आणलेला खरा प्रसंग निराळाच होता. त्या रस्त्यावर ज्याच्याजवळ सुटे पेट्रोल दिसते त्याला आपोआप सावकाराचा दर्जा प्राप्त होतो. एके ठिकाणी पुण्याची काही तरुण मंडळी बंद पडलेली गाडी डाव्या अंगावर आडवी निजवून उभी होती. टाकी चौकटीच्या नळीवर दोन्ही अंगांनी खाली लोंबते आणि कॉक एकाच अंगाला असतो, त्यामुळे पलीकडच्या अंगाला घोटभर पेट्रोल अडकून राहते; गाडी आडवी केली की ते इकडे उतरते आणि आणखी दोनेक किलोमीटरांची सोय होते. हा घोट त्यांचा केव्हाच पिऊन झाला होता. "काका, थोडं मिळेल का? लेहला परत देतो," असे म्हणून त्यांनी माझ्या डब्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती दृष्टी दुष्काळी तालुक्यात माझ्या पूर्ण परिचयाची झालेली होती. मी दोन लिटरांची तगाई मंजूर केली. वसुली शून्य.

त्यांच्या टाकीत पेट्रोल ओतताना मला एक गोष्ट दिसली. गाडी रिझर्व्हवर होती, आणि ती तांदीच्याही आधीपासून रिझर्व्हवर होती. रिझर्व्ह म्हणजे काही निराळी टाकी नव्हे. टाकीच्या तळातून एक उंच नळी वर आलेली असते, तिच्या तोंडापर्यंतचे पेट्रोल संपले की गाडी आचके देते, मग कॉक फिरवून तळालगतचे भोक उघडायचे. या मंडळींनी कॉक फिरवला, पंपावर टाकी भरली, पाटीशेजारी छायाचित्रे काढली, आणि कॉक तसाच ठेवून निघाली. त्यामुळे पेट्रोल संपत आल्याचा इशारा देणारा तो आचका त्यांना मिळालाच नाही आणि गाडी थांबली ती शेवटच्या थेंबावर.

नव्या इंजेक्शनच्या गाड्यांना कॉक नाही, तेव्हा त्यांच्या मालकांनी हे शेवटचे वाक्य सोडून द्यावे. पण ज्यांच्या गाडीला तो अजून आहे, त्यांनी मोठी टाकी, डबे, बरण्या यांच्या नादी लागण्यापूर्वी एवढे करावे, की पंपावरून निघताना पैसे चुकते केल्यावर आणि हेल्मेट डोक्यावर चढवण्याआधी डावा हात खाली नेऊन कॉक रिझर्व्हवरून मूळ जागी आणावा.