उद्रेक, सायंकाळी सहापर्यंत

कलादालनात आला की ज्वालामुखी फार आज्ञाधारक होतो. पोटात स्पीकर दडवलेले मातीचे शंकू, संगणकाने घासूनपुसून दिलेली गुरगुर, कोपऱ्यात ‘पुनरुज्जीवना’ची हिरवी कुंडी. सायंकाळी सहाला रखवालदार बटण दाबतो, उद्रेक थांबतो.

अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सला ही शिस्त नव्हती. 18 मे 1980 रोजी त्याने आपला सुमारे 400 मीटरचा माथा उडवला. 57 माणसे गेली. धमाका शेकडो किलोमीटरवर, थेट कॅनडातही ऐकू गेला. जवळपासच्या अनेकांना मात्र काहीच ऐकू आले नाही, कारण ध्वनिलहरी आधी वर गेल्या आणि वातावरणात वाकून दूरवर उतरल्या. पुढच्या रांगेला शांतता, मागच्या रांगेला गडगडाट! एखाद्या ध्वनी-संयोजकाची नोकरीच गेली असती.

मग राखेत लुपिन उगवले. हे आपल्या तूर-हरभऱ्याच्या कुळातले. मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात. बिळात असल्यामुळे वाचलेल्या गोफर या घुशीसारख्या प्राण्यांनी राखेखालची माती उकरून वर आणली. दालनात गोफरचे नाव ‘सहयोगी कलाकार’ म्हणून भिंतीवर लागले असते. मानधन तिथेही मिळाले नसते.