कॅसेट : जतन आणि देखभाल

कॅसेट ऐकण्यापेक्षा दाखवण्याच्याच वस्तूंत अधिक मोडते. फिलिप्सने ती १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे ती घरोघर शिरली ऐंशीच्या दशकात, टी-सीरिजने स्वस्त केल्यावर. डहाणूजवळच्या सरावलीत प्रस्तुत लेखकाच्या कपाटात अशा २१२ कॅसेटी आहेत. वाजतात १९. पाहुण्यांना पहिलाच आकडा सांगितला जातो.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे १३५ मीटर रीळ असते आणि ते सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. खाऱ्या, दमट हवेत त्यावर पांढरी बुरशी धरते, आणि मग टेप ते खातो. उपाय पेन्सिल. येथे थोडा विस्तार आवश्यक आहे. पेन्सिल षटकोनीच हवी, कारण चाकाला आतून सहा दाते असतात. गोल पेन्सिल नुसतीच फिरते, रीळ जागचे हलत नाही. लेखकाच्या घरी या कामाची पेन्सिल वेगळी असून तिने लिहिण्यास मनाई आहे. टोक काढले की लांबी घटते. एकदा तिने दुधाचा हिशेब लिहिला गेला. तो प्रसंग येथे गाळला आहे.

स्ट्रीमिंगवर गाणी कोट्यवधी, मालकी एकाचीही नाही. कंपन्यांचा करार संपला की गाणे यादीतून गायब. हा मुद्दा लेखक तावातावाने मांडतो, बहुधा कानातला इयरफोन काढून.

कॅसेटच्या माथ्यावरच्या दोन चिपा मोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. त्या भोकांवर सेलोटेप चिकटवली की होते. या युक्तीने लेखकाने एका हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर जवळच्या पाड्यावरचे वारली लग्न उतरवले होते. भिंतीवर लग्नचौक लिहिताना धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, ते गाणे. ते गाणारी म्हातारी गेली. कॅसेट कुलपात राहिली, आणि मागूनही कोणाला दिली गेली नाही, तिच्या घरच्यांनासुद्धा. याला जतन म्हणत.

गेल्या पावसाळ्यात तिचा नातू आला. फोन टेपसमोर ठेवून पाऊण तास मांडी घालून बसला. आजी थांबली तिथे सिनेमाचे गाणे मधल्याच ओळीपासून सुरू झाले, तरी तो उठला नाही.

पुढच्याच खेपेला टेपने ते रीळ खाल्ले. पेन्सिलीचेही काही चालले नाही. लेखकाने नातवाकडून गाणे व्हॉट्सॲपवर मागवून घेतले. त्यात विसाव्या मिनिटाला धवलेरीच्या आवाजावर लेखकाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो : “हात नको लावूस, ओरिजिनल आहे!”